वल्ह्यावरचा चुकलेला हात

मंडळी, आज एका सत्तरीच्या बाईंच्या हातातून मी खोडरबर ओढून घेतलं. तेव्हापासून मला चैन नाहीये.

आम्ही चौघे चाहते तीन वर्षं एक अर्धवट राहिलेली मराठी ॲनिमेशन फिल्म जुळवतोय. निर्मात्याने ती मध्येच बंद पाडलेली. शेवटचा सीन कुठेच मिळत नव्हता.

आज मी एकटाच कळव्याला सुलभाताईंकडे गेलेलो. तो सीन त्यांनीच काढलेला. कपाटातून त्यांनी कागदांचा गठ्ठा आणला. होडी वल्हवणारी मुलगी, प्रत्येक कागदावर थोडी पुढे सरकलेली.

आणि ताईंनी रबर घेऊन त्या मुलीचा हात पुसायला सुरुवात केली. मी ते ओढूनच घेतलं.

"ताई, थांबा. आम्हाला जसं होतं तसंच हवंय."

"हा हात चुकलाय रे. तेव्हा दुरुस्तीला वेळच दिला नाही. इतकी वर्षं मला तो खुपतोय, आणि तू तोच लोकांना दाखवणार?"

"पण खरी फिल्म तीच ना?"

"फिल्म पुरी कुठे झालेली?" त्या शांतपणे म्हणाल्या.

शेवटी त्यांनी फोटो काढू दिले, पण एका अटीवर. त्या नवीन हात काढून देईपर्यंत हे कुणाला दाखवायचं नाही.

डोंबिवलीला परत आलोय. बाकीचे तिघे सारखे विचारतायत, सीन मिळाला का. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

मला तर तो हात चुकलेला वाटतच नाही. पण हे ठरवायचं कुणी, आम्ही की ताईंनी?