भिंतीवरची वाकडी सावली

अरुण गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी ब्रॅकनेलच्या ऑफिसात एक रिपोर्ट वाचत होतो. 'आपले सिनेमाचे सर गेले,' एवढंच ग्रुपवर होतं. मला आधी 'सर' हा शब्द टोचला आणि मग, थोड्या वेळाने, 'गेले' हा... सात आठवडे झाले, तरी हा क्रम मला उलटा करता आलेला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी, एकाच कंपनीत इंग्लंडला आलो. जुन्या जर्मन मूकपटांचं वेड मुळात माझं. वाकड्या भिंती, सुरीसारख्या टोकदार खिडक्या, सेटवर चक्क रंगाने काढलेल्या सावल्या... मी त्यावरची पुस्तकं लायब्ररीतून आणून टिपणं काढायचो. अरुणने त्यातलं एकही पूर्ण वाचलं नाही. चहा पिता पिता तो विचारायचा, "बरं, पुढे?" आणि मी सांगायचो.

लंडनमध्ये ईलिंगच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी, बुद्धवंदना झाल्यावर, आम्ही हे चित्रपट दाखवायचो. मधल्या पाट्यांवरचा मजकूर ज्येष्ठ मंडळींना कळत नसे, म्हणून मी त्याचं मराठी करून आणायचो आणि अरुणने पडद्याशेजारी उभं राहून ते वाचायचं, असं ठरलं होतं. पहिल्याच रविवारी त्याने माझे कागद गुंडाळून खिशात घातले. पडद्यावर एका दारावर सावली पडली, तसा तो म्हणाला, "आजी, माणूस अजून गल्लीतच आहे. त्याची भीती तेवढी पुढे आलीय." शेवंताआजी ओरडल्या, "अरे मेल्या, मग दार लाव की!" सगळा हॉल हसला. शेवटी त्याने सांगितलं, की हे चित्रपट करणारी मंडळी पुढे देश सोडून अमेरिकेला गेली. डिटेक्टिव्हच्या तोंडावर पडणाऱ्या खिडकीच्या सावलीच्या पट्ट्या, भुताच्या सिनेमातला काळोखा जिना, हे सगळं त्यांच्याच सामानातून तिकडे उतरलं. 'सामानातून' एवढा एक शब्द माझ्या टिपणांत नव्हता. बाकी सगळं होतं.

परतताना ट्यूब रेल्वेत मी विचारलं, "माझे कागद?"

"पाठ आहेत रे. पण ते बोलत नाहीत ना."

मी हसलो... पुढची अकरा वर्षं मी भाषांतरं लिहीत राहिलो आणि तो ती खिशात घालत राहिला.

स्टॅनमोरला त्याच्या घरी, बैठकीच्या भिंतीवर त्याने करड्या रंगात एक सावली काढली होती. खुर्चीत वाकलेला माणूस, बगळ्यासारखी मान, हातात काहीतरी चौकोनी, बोटं पार छतापर्यंत ताणलेली. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबायचा. मी तिच्याकडे पाठ करून बसायचो. चित्रही यालाच यावं?

मागच्या महिन्यात एका दुपारी अरुणच्या बायकोने, सुनंदावहिनींनी बोलावलं. "बैठक रंगवायला घेतलीय, भाऊजी. ही सावली ठेवू, की पुसू? तुम्ही सांगाल तसं."

'पुसा' हा शब्द अगदी ओठांवर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं काहीतरी माझ्या हातात आलं होतं. तरी विचारलं, "मला का विचारताय?"

त्यांची मुलगी रिया इथेच जन्मलेली, इथेच वाढलेली. ती म्हणाली, "काका, कारण तो तुमचा सावली आहे ना? तुम्ही वाचत बसलेले. बाबांनी लॅम्प फ्लोअरवर ठेवला आणि पेन्सिलने आउटलाइन काढला. मी तिथेच होते. तुम्ही पेज टर्न केलं, पण वर बघितलंच नाही!"

"म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?" वहिनींनी विचारलं.

नव्हतं... मी खुर्ची फिरवून बसलो. मान माझीच होती. पुस्तकही माझंच.

"राहू द्या," मी म्हणालो.

रंगाऱ्याने तेवढी भिंत सोडून बाकी खोली पांढरी केली. आता मी तिथे गेलो की तिच्याकडे तोंड करून बसतो, मांडीवर पुस्तक असतं, वाचून मात्र फारसं होत नाही. मत्सर गेला, असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. माझी सावलीसुद्धा त्याने माझ्यापेक्षा बोलकी काढली.