पप्पा बडोद्याला आले आणि त्यांना सिनेमा आवडला

धुळ्याच्या एसटी स्टँडवर पप्पांनी माझी बॅग स्वतः बडोद्याच्या बसवर चढवली आणि कंडक्टरला त्यांच्या खास हिंदीत सांगितलं, "लडकी पहली बार जा रही है, बोलती कम है, जरा ध्यान रखना." कंडक्टरने मान डोलावली आणि आजूबाजूच्या सगळ्या प्रवाशांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आई खिडकीखालून म्हणत होती, "कळण्याच्या भाकरीचं पीठ वरच्या पिशवीत आहे. आणि तिकडे तोंडाला कुलूप लावून बसू नकोस." बस सुटताना मला रडू आलं नाही. लोकांनी माझ्याकडे बघणं बंद करावं, एवढंच वाटत होतं.

हे मी तुम्हा सगळ्या भावंडांसाठी लिहितेय, धुळ्यात राहिलेल्यांसाठी आणि पुण्याला किंवा त्याहून लांब गेलेल्यांसाठीही. मी ग्रुपवर कधी काही लिहीत नाही म्हणून तुम्ही मला पुरेसं चिडवलंय. आता हे एकदम सगळं वाचा.

बडोद्याजवळ नंदेसरीला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली आणि बडोद्यातच अकोटा भागात घरमालकीण काकूंच्या घरी वरची खोली मिळाली. काकू बडोद्याच्याच, त्यांच्या पणजोबांपासून सगळे इथले. त्यांचं मराठी आपल्यासारखंच आहे, पण मधेच काहीतरी 'सरस' असतं, पुस्तकाची 'चोपडी' होते आणि मी कामाला निघाले की जिन्यातून 'आवजो' ऐकू येतं. पहिले काही महिने मी कंपनीच्या बसमध्ये कानात इयरफोन घालून बसायचे. बऱ्याचदा त्यात गाणी नसायचीच.

मग हळूहळू मी गुजराती बोलायला लागले. लॅबमधल्या मुली माझ्या चुकांवर पोट धरून हसायच्या आणि नवल म्हणजे मलाही हसू यायचं. शाळेतल्या इंग्रजीत आणि घरच्या मराठीत मी लहानपणापासून 'ती गप्प बसणारी' होते. गुजरातीत मी नवीन होते. तिथे मी लाजरी आहे हे कोणाला माहीतच नव्हतं. वर्षभरात मी लॅबमधली बडबडी म्हणून ओळखली जायला लागले, पण घरी हे कसं सांगणार? फोनवर मी नेहमीसारखी "हो, जेवले, बरी आहे" एवढंच म्हणायचे.

त्यावरून पप्पांनी त्यांचा निष्कर्ष काढला. एका शनिवारी ते रजा काढून आले. त्यांच्या मित्राच्या ओळखीने धुळ्याच्या एका कॉलेजमध्ये लॅब असिस्टंटची जागा होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "तिथे तू एकटी कुढत बसतेस. इथे घरी तरी असशील," असं ते माझ्याच खोलीत बसून म्हणाले. बोलताना 'तिथे' आणि 'इथे' यांची अदलाबदल झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मला जायचं नव्हतं. पण पप्पांना तोंडावर 'नाही' मी आयुष्यात कधी म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी उठून उगाच पंखा वाढवला. शेवटी काकूंनीच आम्हाला बाहेर काढलं. "अहो, सिनेमाला तरी घेऊन जा हिला. तो बेटावाला नवा लागलाय."

जहाज फुटून बेटावर अडकलेल्या खलाशांची ती जुनी इंग्रजी गोष्ट तुम्हालाही पाठ असेल. पप्पांनी ती शाळेत असताना मराठीत वाचली होती आणि रविवारी आमचे युनिफॉर्म इस्त्री करताना ते मला सांगायचे. पुढे मी मूळ पुस्तक वाचलं, आणि टीव्हीवर तिचा कुठलाही सिनेमा लागला की त्याला नावं ठेवणं हा आमचा दोघांचा खेळ झाला. एकात जहाज बाथरूमच्या टबात तरंगतंय असं दिसायचं. दुसऱ्यात कप्तानाची दाढी बेटावर वर्ष काढूनही कोरलेलीच. त्यामुळे पप्पा थिएटरात शिरले तेच चुका काढायच्या तयारीने.

पण या सिनेमाने आमची पंचाईत केली. कप्तानालाच बोट लागायची. वादळ आटोपशीर होतं. बेटावर पोचल्यावर खलाशी आधी खजिना शोधण्याऐवजी स्वयंपाक कोणी करायचा यावर भांडले, आणि त्या भांडणातच प्रत्येकाचा स्वभाव कळला. पप्पा खो खो हसले. मग राहवेना म्हणून मोठ्यांदा म्हणाले, "हे पुस्तकात नाही बरं का."

पुढच्या रांगेतल्या एक बेन वळल्या. मला वाटलं, आता गप्प बसायला सांगणार. त्या म्हणाल्या, "अंकल, चोपडी वांची छे? तो कहो ने, पछी शुं थाय?" पुढे काय होतं, ते त्यांना आत्ताच हवं होतं. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी गुजरातीत उत्तर दिलं. मग इंटर्व्हलला त्यांचं अख्खं कुटुंब वळून बसलं. पप्पा मराठीत सांगत होते, मी गुजरातीत. बेन म्हणाल्या, तो दाढीवाला खलाशी फितूर होणार हे त्यांना कधीच कळलं होतं, अगदी त्यांच्या दिरासारखा दिसतो. त्यांचे यजमान म्हणाले, "मारो भाई छे ए." मी इतकी हसले की हातातले पॉपकॉर्न सांडले.

सिनेमा संपेपर्यंत पप्पांनी पुन्हा एकही चूक काढली नाही.

परतताना रिक्षात त्यांनी आधी शर्टावर उडालेले पॉपकॉर्न झटकले. मग म्हणाले, "त्या बाईंना तू काय सांगत होतीस?"

"तुम्ही म्हणालात तेच."

"मी एवढं लांबलचक नव्हतो बोललो."

"थोडं माझंही घातलं."

त्यावर ते बाहेर बघत हसले. रिक्षा विश्वामित्री नदीच्या पुलावर आली तेव्हा म्हणाले, "कॉलेजवाल्यांना काय कळवू ते तू सांग."

"नाही म्हणून कळवा," मी म्हणाले. आवाज बारीक आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "पप्पा, मला इथेच राहायचंय."

अकोटा येईपर्यंत त्यांनी भाड्याचे सुटे पैसे मोजले. मग रिक्षावाल्याला हात करत ते म्हणाले, "आधी सांगायचं ना. मी उगाच त्या कॉलेजच्या माणसाकडे जाऊन बिनसाखरेचा चहा पीत बसलो."

रविवारी सकाळी मी त्यांना सेव-उसळ खायला नेलं. "आपल्याकडच्यासारखा ठसका नाही," असं म्हणत त्यांनी रस्सा पुन्हा मागितला.

तुम्ही विचाराल, मग आता घर कोणतं? मी यावर विचार केलाय. धुळ्याच्या स्वयंपाकघरात मी तासभर काही न बोलता बसू शकते आणि कोणी 'काय झालं' म्हणून विचारत नाही. बडोद्यात मी संध्याकाळपर्यंत गप्प राहिले तर काकू ताप बघायला वर येतात. मला दोन्ही लागतं. एकच निवड म्हणाल, तर त्यालाही आता मला 'नाही' म्हणता येतं.

दिवाळीत येतेय. तेव्हा मला बोलतं करायच्या मागे लागू नका. सिनेमाची गोष्ट पप्पा सांगतीलच, आणि ऐकतेय त्यावरून त्यांनी आतापर्यंत तीत बरंच स्वतःचंही घातलंय.