कापलेले दोन गुण

"कावड वाहायची भरती निघाली की हिलाच पाठवू," शेठ म्हणाले. अख्खा वर्ग हसला. मीही हसलो.

२०१७ ची गोष्ट. डहाणूत शेठच्या क्लासमध्ये मी पोलीस भरतीचं गणित शिकवायचो. शेठ चिकूच्या वाडीवाले. क्लास त्यांचा, जागाही त्यांची. सराव परीक्षेतून पंधरा जण निवडून त्यांना भरतीपर्यंत फुकट शिकवायचं ठरलं होतं. उधव्याहून दोन गाड्या बदलून येणाऱ्या वनिताला त्या पंधरांत यायचं होतं. त्याशिवाय तिला पुढे शिकता येणार नव्हतं.

त्या सराव परीक्षेचे तपासलेले पेपर वाटून मी एक गणित फळ्यावर घेतलं. एका वर्गात तीस मुलं, सरासरी चाळीस. दुसऱ्यात वीस, सरासरी साठ. सगळ्यांची मिळून किती? बहुतेकांनी पन्नास लिहिलेलं. वनिताचं अठ्ठेचाळीस. बरोबर. कसं काढलंस, मी विचारलं.

तिने फुटपट्टी बोटावर तोलली. "ही कावड, सर. या टोकाला चाळीस, त्या टोकाला साठ. इकडे तिसांचं ओझं, तिकडे विसांचं. खांदा जड बाजूला सरकवायचा. ओझं तीनास दोन, म्हणून चाळीस ते साठमधल्या विसाचे पाच भाग केले, जडाकडून दोन भागांवर खांदा. चाळीस आणि आठ."

तेव्हा दारातून शेठ ते कावडीच्या भरतीचं बोलले. मग मला म्हणाले, "सर, असल्या रीतीला गुण देता?"

मी तिचा पेपर ओढला. बरोबरच्या खुणेवर काट मारली. दोन गुण गेले.

"उत्तर चुकलं का, सर?"

"रीत चुकली."

"भरतीच्या पेपरात रीत विचारतात?"

नाही विचारत. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा असतो. मी पुढचं गणित घेतलं.

यादीत ती सोळावी आली. दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

माझा बाप तलासरीच्या पाड्यावरून कावडीने गवताचे भारे वाहायचा. खांद्यावर घट्टा पडलेला. डहाणूत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने फुटपट्टी तोलली तेव्हा मला त्याचा खांदा दिसला, आणि इतरांनाही दिसेल अशी भीती वाटली. म्हणून हसलो.

दोन महिन्यांनी उधव्याला गेलो. ती राज्याच्या हद्दीपलीकडच्या कंपनीतून नुकतीच कामावरून आली होती. चुकलो म्हणालो. गुण देतो म्हणालो, माझ्याकडेच राहिलेला तिचा पेपर पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"इथं कशाला देता, सर? जिथं कापले तिथं द्या."

दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात फळ्यावर कावड काढली. खाली वनिताचं नाव लिहिलं. रीत बरोबर होती, गुण मी कापले, माझा बापही हेच वाहायचा, एवढं बोललो. कुणी हसलं नाही.

"उद्यापासून येऊ नका," शेठ दारातून म्हणाले.

"यादी बदला. मग जातो."

यादी बदलली नाही, माझं काम मात्र गेलं. भरती होऊन गेली. वनिता अजून कंपनीत आहे. माझ्या कबुलीने तिचं काही परत आलं नाही.

आता तलासरीत शिकवतो. सरासरी कावडीपासूनच सुरू करतो. ही रीत कुणाची आणि तिचे गुण कुणी कापले, हे दर नव्या तुकडीला आधी सांगतो. सांगताना लाज वाटते. वाटलीच पाहिजे. पण दारात कुणीही उभं असो, बरोबर उत्तरावर माझ्या पेनाची काट पडणार नाही.