मामांचं जर्नल

सायन्सला गेलेल्या वऱ्हाडी माणसाला जर्नल म्हटलं की एकच वस्तू आठवते: खाकी कव्हर घातलेली प्रॅक्टिकलची वही. तिच्यावर सरांची सही नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. भातकुलीचे माझे मामा अकरावी सायन्सपर्यंत पोचले होते. सही राहिली, कॉलेजही राहिलं, पुढे शेती.

मी अकोल्याला कपाशीच्या बोंडसडीवर पीएचडी करत होते. नमुने मामांच्याच वावरातले. "बोंडं कावून सडून राह्यली, थे सांग," एवढंच त्यांचं मागणं. कापसाची ती वर्षं इतकी वाईट होती की सकाळी पेपर उघडायची भीती वाटे. त्यातच शोधनिबंध छापणाऱ्या परदेशी जर्नलांच्या किमती चढत गेल्या आणि कॉलेजनं ती बंद केली. मी मामांपुढे रडगाणं गायलं, "जर्नल परवडत नाही म्हणून काम अडलंय."

पुढच्या आठवड्यात मामा एसटीनं हजर. पिशवीत अमरावतीहून आणलेल्या डझनभर प्रॅक्टिकलच्या वह्या, कोऱ्या करकरीत. "कॉलेजले परवडत नसन तं मामा मेला काय?"

मला हसू आवरेना. मग खरं काय ते सांगितलं. लेख आम्ही फुकट लिहितो, तपासणारेही फुकट तपासतात, छापणारा मात्र वाचणाऱ्याकडून पैसे घेतो. मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे कापूस आमचा, अन् गादीवर बसाले पैसे? अन् हे म्हने शिकलेले!"

माझा लेख तयार झाला तेव्हा आमच्या सरांनी बड्या जर्नलचा आग्रह धरला. नोकरीच्या मुलाखतीत त्याचंच वजन पडतं म्हणाले. नोकरी मलाही हवी होती. पण मामांच्या वावरातलं मामांपासूनच कुलपात ठेवायचं, हे मला सहन होईना. मी हटून बसले. शेवटी लेख इंटरनेटवरच्या एका खुल्या जर्नलमध्ये आला, लिहिणाऱ्यालाही फुकट, वाचणाऱ्यालाही. सर बरेच दिवस घुश्शात होते.

मामांनी सायबर कॅफेतून त्याची प्रिंट काढली. बोंडं का सडतात ते मी मराठीत सांगितलं होतंच, तरी त्यांनी पान न् पान त्या डझनातल्याच एका कोऱ्या वहीत खळीनं चिकटवलं. खाकी कव्हर घातलं, वर स्वतःचं नाव आणि अकरावीचा रोल नंबर लिहिला आणि वही माझ्यापुढे ठेवली.

"मॅडम, सही करा," मामा म्हणाले. "मांगच्या टायमाले राह्यली होती."