मेरीमातेचा आमच्याकडचा मुक्काम

आमच्या ब्रेकरूममध्ये एक राइस कुकर आहे. आणि जिथे राइस कुकर असतो तिथे किस्से आपोआप साचतात, असं माझं ठाम मत आहे. भात शिजेपर्यंत माणसं करणार काय? बोलणार!

मी अमेरिकेत, चँडलर गावातल्या एका डायलिसिस सेंटरमध्ये डायटीशियन आहे. म्हणजे केळं, बटाटा, टोमॅटो, लोणचं यांतलं काहीही खाऊ नका, हे लोकांना हसतमुखानं सांगायचा मला पगार मिळतो. सेंटरमधल्या निम्म्या नर्सेस फिलिपिनो. त्यांतल्या लूझ आणि नेना या सख्ख्या बहिणी. लूझ मोठी, भाविक आणि हळवी. नेना धाकटी, जिभेला हाड नसलेली. बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं, मी आपलं मराठीत सांगते. त्यांच्या देशाचं राजकारण मला या दोघींनीच शिकवलं. सुरुवातीला फार मजा आली.

*

तिकडे निवडणूक होती आणि एक उमेदवार होता सिनेमातला हिरो. लूझ त्याची भक्तच! तिच्या लॉकरवर त्याचा नारिंगी शर्टातला फोटो, कारण नारिंगी हा त्याच्या पक्षाचा रंग.

"अश्विनी, या माणसानं आयुष्यभर गुंडांना चोपलंय," लूझ मला म्हणाली. "देश हाच सुधारणार!"

नेना भात वाढून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या गुंडांना मार खायचा पगार मिळत होता!"

मला हसू आवरेना. लूझ माझ्याकडे वळली. "तुमच्याकडे नाही का नट निवडून येत?"

मी "छे!" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. म्हटलं, "भात छान झालाय हं."

*

मग उमेदवारांची टीव्हीवर डिबेट झाली. हिरो तिकडे फिरकलाच नाही. त्या वेळी तो दुसऱ्या कुठल्या तरी गावात स्टेजवर गाणी म्हणत होता. नेनाची उमेदवार, एक प्राध्यापिका, तीन तास उभी राहून सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होती.

लूझचं म्हणणं, "डिबेटला जाऊन काय मिळतं? वाद तर घरीही होतात. गाणं ऐकून लोक निदान खूष तरी झाले!"

आमचे एक पेशंट आहेत, वॉल्टर. चार तास खुर्चीत बसून कंटाळतात बिचारे, त्यामुळे सगळ्यांच्या भांडणात त्यांना रस. त्यांनी नेनाला विचारलं, "मग डिबेट जिंकलं कोण?"

नेना त्यांचं मशीन तपासत म्हणाली, "जो आला नाही तो!"

*

मतदानाच्या आधीच्या रविवारी दोघी बहिणी एकाच चर्चमध्ये, एकाच मेरीमातेपुढे मेणबत्ती लावून आल्या. दोन वेगवेगळ्या उमेदवारांसाठी! फादरनी म्हणे प्रवचनात एवढंच सांगितलं होतं की नीट विचार करून मत द्या. लूझला वाटलं ते हिरोबद्दलच बोलले. नेनालाही वाटलं हिरोबद्दलच बोलले, फक्त उलट!

सोमवारी लूझनं मला बाजूला घेतलं. "तुमच्या हत्तीच्या देवाला पण सांग ना."

मी हो म्हटलं. आता खरं सांगायचं तर त्याच सकाळी नेनाही तेच सांगून गेली होती, आणि मी तिलाही हो म्हटलं होतं. गणपतीनं काय डोकं धरलं असेल ते त्यालाच ठाऊक.

*

दोघी बहिणींची आई तिकडे गावी एकटी राहायची. ऐंशी पार केलेली. गावच्या जत्रेत हिरो आला आणि त्यानं हिचा हात उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. त्यांच्याकडे मोठ्यांना असाच नमस्कार करतात. कुणीतरी फोटो काढला. आईनं तो फ्रेम करून बाळ येशूच्या शेजारी लावला!

नेना भडकली. "त्या दिवशी त्यानं गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे हात कपाळाला लावले असतील!"

लूझ म्हणाली, "लावू दे ना. आपण दोघींनी आईचा हात शेवटचा कधी धरला, आठवतंय तुला?"

कुकरचं बटण टक्कन वर आलं, पण कुणी उठलं नाही.

*

हिरो निवडून आला. लूझ सगळ्यांसाठी मोठ्ठा ट्रे भरून नूडल्स घेऊन आली. नेनानं ताटलीला हात लावला नाही. म्हणाली, "आईचं मत तू फिरवलंस. रोज फोनवर तिच्या डोक्यात भरवत होतीस. तिला बिचारीला काय कळतंय!"

"आईला काही कळत नाही?" लूझनं विचारलं.

तिथे नेनानं माघार घ्यायला हवी होती. मी मनात म्हणत होते, बाई गं, आता गप्प बस. पण ती म्हणाली, "नाहीच कळत. तुलाही नाही."

लूझनं ट्रेवर फॉइल लावलं आणि गाडीत नेऊन ठेवला. पुढच्या आठवड्यात तिनं शिफ्ट बदलून घेतली. बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. आई दोघींना वेगवेगळा व्हिडिओ कॉल करायची आणि दोघींना एकच विनंती करायची, "एकदा दोघी मिळून दिसा गं मला." या म्हणायच्या, बघू. भांडण होतं सात समुद्रापलीकडच्या एका नटावरून, आणि मोडलं काय तर हे! मला त्या नटाचा खरंच राग यायचा. त्याला तर या दोघींचं नावही माहीत नव्हतं.

*

आता मेरीमातेचं. या फिलिपिनो कुटुंबांत एक रीत आहे. मेरीमातेची एक छोटी मूर्ती लाकडी पेटीतून घरोघर फिरते. एक आठवडा एका घरी. तिथे सगळे जमून माळ जपतात, जेवतात, आणि पुढच्या घरी मूर्ती पोचवतात. लूझच्या घरानंतर नंबर नेनाचा. आता ही तिच्या दारात जाईना आणि ती हिच्या! मग माझ्या नवऱ्याची चेष्टा सहन करत मी मध्यस्थ झाले. लूझनं मूर्ती माझ्याकडे ठेवायची, दुसऱ्या दिवशी नेनानं न्यायची.

तेव्हा सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. मूर्तीला गणपतीशेजारी ठेवलेलं बघून त्या म्हणाल्या, "बाईमाणूस पाहुणी आलीय, तिला रिकामी कशी पाठवायची?" त्यांनी नारळ ठेवला, आणि छानसा खण मूर्तीच्या खांद्यावरून पांघरला.

दुसऱ्या दिवशी नेना पेटी घेऊन गेली आणि संध्याकाळी तिचा फोन. रागानं ओरडतच होती. "लूझनं हद्द केली! मेरीमातेला पक्षाचा झेंडा नेसवला!"

मला आधी काही कळेना. मग लख्ख आठवलं. खण नारिंगी होता! मी म्हटलं, "अगं, ते माझ्या सासूबाईंनी नेसवलंय. आमच्याकडे माहेरवाशिणीला देतात तसं."

आणि पलीकडे नेना हसत सुटली. कितीतरी महिन्यांनी ऐकलं ते हसणं. हसता हसता म्हणाली, "लूझला सांगायला हवं हे. ती किती हसली असती!"

म्हटलं, "मग सांग ना."

तिनं फोन ठेवून दिला.

*

लूझचं पाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात आई गेली. लूझला विमानप्रवास बंद. नेनानं तिकीट काढलं आणि कॅन्सल केलं. मी कारण विचारलं तर म्हणाली, "एकटी गेले तर आई विचारेल, दुसरी कुठाय?" गेलेली आई काय विचारणार, असं मी म्हटलं नाही.

मी लूझकडे गेले. टीव्हीवर तिकडचं लाइव्ह चालू होतं. घरात आईची शवपेटी ठेवलेली, फुलं, मेणबत्त्या, शेजारीपाजारी. आणि शवपेटीच्या मागे हे भलंमोठं फ्लेक्स! हिरोनं पाठवलेलं. 'कुटुंबाच्या दुःखात सहभागी', आणि शेजारी त्याचा फोटो, सगळे दात दिसणारा, निवडणुकीतलाच. आईचा फोटो त्याच्या खाली कुठेतरी, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

मला वाटलं लूझला बरं वाटेल. तिच्या दैवतानं आठवण ठेवली. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "फोटो तरी दुसरा पाठवायचा गं. हसतोय बघ."

आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. मीही रडले. त्या बाईला मी फक्त फोनच्या स्क्रीनवर पाहिलं होतं, पण रडले.

*

माणूस गेलं की ते नऊ दिवस प्रार्थना करतात. नववा दिवस मोठा. लूझकडे केला तर नेनाच्या बाजूचे येणार नाहीत, नेनाकडे केला तर लूझच्या. म्हणून ठरलं, अश्विनीकडे. आणि झालं भलतंच! दुसरी बाजू येणार म्हणून दोन्ही बाजूचे लोक आलेच नाहीत. दुपारी माझ्या हॉलमध्ये आल्या फक्त दोघी. एक सोफ्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मध्ये मी, आणि वीस माणसांचं जेवण.

त्या जपाची रीत अशी, की एकानं प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायचा आणि उरलेला अर्धा बाकीच्यांनी. लूझनं माळ हातात घेतली, पहिला अर्धा म्हटला, आणि थांबली. बाकीचे म्हणजे कोण? नेनाच!

नेना गालिच्याकडे बघत होती. मला वाटलं ही आता उठून जाणार. मग अगदी बारीक आवाजात तिनं उरलेला अर्धा म्हटला. लूझनं पुढचा मणी ओढला. सबंध माळ अशीच झाली, अर्धं हिचं, अर्धं तिचं. एकीचा आवाज फुटला की दुसरी थांबायची, वाट बघायची.

माळ संपली. मला वाटलं आता बोलतील. नाही. दोघी उठल्या, चपला घातल्या, आणि दारात माझ्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या.

नेना माझ्याकडे बघत म्हणाली, "तिला सांग, पाठीचं ऑपरेशन झाल्यावर इतक्यात गाडी चालवायची नसते."

लूझही माझ्याकडेच बघत म्हणाली, "तिला सांग, मग मला घरी सोडणार कोण?"

मी काय सांगणार? दोघींनाही ऐकू आलं होतं.

लूझनं पर्समधून गाडीची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती नेनाच्या हातावर ठेवली.