पिवळ्या दिव्यावरची टिकली

ती घटना मी मुद्दाम आठवत नाही. गाडीची चावी फिरवली की आपोआप येते. शिपाई म्हणून भरती झालो, फौजदार म्हणून निवृत्त झालो. शिक्षण बेताचं, त्यामुळे घडलं तसं लिहितो. नावं कोणाचीच देत नाही.

उन्हाळ्याचे दिवस. लोणारकडचं एक जोडपं देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला निघालं होतं. गाडी नवरा चालवत होता. वाटेत मागचं डावं चाक फुटलं आणि गाडी नालीत उलटली. बाई जागीच गेली. नवऱ्याचा हात तेवढा मोडला. आम्ही मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल केला, गाडी ओढून आणली आणि ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली लावली.

तेरवी व्हायच्या आत बाईचा भाऊ ठाण्यात आला. खामगावकडचा धान्याचा व्यापारी, तापट माणूस. त्यानं खबर दिली की निघायच्या आधी नवरा त्याच चाकाजवळ उकिडवा बसला होता, शेजारणीनं पाहिलंय. हवा त्यानंच सोडली, हा घातपात आहे, असं त्याचं म्हणणं. शेजारणीचा जबाब घेतला. बाई खोटं बोलणारी वाटली नाही. तिनं त्याला बसलेला पाहिलं होतं, हवा सोडताना नाही. लोक अर्धं डोळ्यानं पाहतात आणि उरलेलं मनानं भरतात.

नवऱ्याला बोलावलं. हात गळ्यात, दाढी वाढलेली. मी चहा सांगितला. ही माझी जुनी रीत. सराईत माणूस चहा पितो. यानं कपाला हात लावला नाही. चाकाजवळ काय करत होता म्हणून विचारलं, तर चाक बसकं वाटलं म्हणून पाहत होतो, म्हणाला.

"मग हवा भरली काऊन नाही?"

तिथं तो गप्प झाला. पुन्हा बोलावलं, पुन्हा तिथंच गप्प. ठाण्यात अशा गप्प माणसाला गुन्हेगारच धरतात. ठाणेदार साहेब म्हणाले, अटक दाखवून मोकळे व्हा. मीही त्याच बेतात होतो.

घरी जेवताना हिला सांगितलं. मी केस सांगायचो, ही भाकर थापता थापता ऐकायची आणि मधीच एखादं बोलायची. म्हणाली, "तो सोताले नाही वाचवून राह्यला. सोताले वाचवणारा लय बोलते."

आता जेवताना मधी बोलणारं कोणी नाही. टीव्ही बोलतो, मी बंद करतो.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासायला आले. बॅटरी जोडली, चावी फिरवली. समोरच्या काट्यांजवळचे सगळे दिवे लागले आणि एकेक करून विझले. एक राहिला. तो लुकलुकत होता आणि त्याच्यावर बाईमाणसाची लाल टिकली चिकटवलेली होती. टिकलीच्या कडेनं पिवळा उजेड बाहेर येत होता. थोड्या वेळानं लुकलुकणं थांबलं, दिवा तसाच राहिला.

निरीक्षकांनी मला समजावलं. अशा गाडीत प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हला लागून, हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. कोणत्याही चाकातली हवा उतरली की हा पिवळा दिवा लागतो. पण दिवा आधी लुकलुकून मग लागून राहिला, तर बिघाड सेन्सरमध्येच आहे असं समजायचं. मग त्यांनी चाकं पाहिली. बाकीच्यांना धातूचा वॉल्व्ह होता, पुढच्या उजव्याला साधा रबरी. टायर बदलताना कोणीतरी पान्यानं सेन्सर मोडला होता आणि साधा वॉल्व्ह बसवून दिला होता. तेव्हापासून दिवा कायमचा लागलेला. फुटलेल्या चाकाचा सेन्सर चांगला होता. पण दिवा आधीच लागलेला असल्यावर त्याची हाक ऐकणार कोण?

मी नवऱ्याला आणि भावाला दोघांनाही गाडीपाशी बोलावलं. टिकली दाखवली आणि कोणाची म्हणून विचारलं. नवरा तिथंच मातीत बसला. मग हळूहळू बोलला.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई होती. गाडी रोज तीच चालवायची, हा एसटीनं जायचा. टायर तिनंच बदलून आणले होते. दिवा डोळ्यात खुपतो म्हणून टिकली लावली असावी, याला माहीत नव्हतं. त्या सकाळी चाक बसकं वाटलं तेव्हा यानं बाहेरूनच तिला विचारलं, पिवळा दिवा लागला का? ती आत बसली होती. पाहून म्हणाली, नाही लागला, चला, आरती हुकते. वाटेत याचं लक्ष रस्त्यावरच होतं. गाडी उलटल्यावर लोक यायची वाट पाहत अडकून पडला होता, तेव्हा यानं ती टिकली पाहिली.

"थे खोटं नाही बोलली साहेब. थे इसरली होती."

"मग सांगायचं ना बाबा."

"लोक म्हणले असते, सोताच्या हातानं मेली. तुमी माह्यावर लिहा."

भावानं वाकून टिकली पाहिली. माहेरच्या आरशावर तिच्या अशाच टिकल्या अजून आहेत, एवढंच म्हणाला. मग त्यानं नवऱ्याच्या धड हाताखाली हात घातला. "उठा भाऊजी. माय वाट पाहून राह्यली तुमची." माझ्याकडे वळून म्हणाला, मले जबाब बदलायचा हाये.

घातपाताचा संशय कागदावरून गेला. निष्काळजीपणाचं कलम राहिलं, तो विषय कोर्टाचा. पंचनाम्यात टिकली लिहावीच लागली. लाल रंगाची गोल चिकटपट्टी, असं लिहिलं.

गाडी असणाऱ्यांना एवढं सांगतो. हवा सकाळी, चाक थंड असताना तपासा. टायर बदलताना आत सेन्सर आहे हे दुकानदाराला आधी सांगा. सेन्सरची बॅटरीही काही वर्षांनी संपते, तेव्हा तो बदलून घ्या. आणि दिवा खुपत असेल तर झाकू नका, तो का लागला ते पाहा.

पण माणूस एवढा गप्प कसा राहतो, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. ते, आमची ही गेल्यावर उमगलं. छातीतलं दुखणं हिनं कोणाला कळू दिलं नाही. मी विचारलं की पित्त हाये म्हणायची आणि चुलीकडे वळायची. खरं काय ते कुठंतरी लिहून ठेवायची पोलिसाला सवय असते, म्हणून इथं लिहिलं.

ही गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात लेकानं मला विचारलं, "बाबा, आईनं तुमाले काहीच सांगितलं नोतं का?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं रे. मीच ऐकलं नाही."