रविवारचा काटा

साक्षगंधाच्या मांडवात माइक माझ्या हातात कोणी दिला नव्हता. मीच घेतला.

बुद्धवंदना झाली होती. पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. माझी पोरगी सुजाता मुलाकडच्यांनी आणलेला घागरा-चोळीचा जोड घालायला आत गेली होती. आमच्याकडं तशी रीत आहे. पोरगी आधी आपल्या घरच्या साडीत येऊन बसते, मग सासरचे कपडे घालून पुन्हा येते. मधला वेळ सगळे एकमेकांकडं पाहत राहतात. मी बाजार समितीत मापारी. दिवसभर पोत्यांची वजनं ओरडून सांगायची सवय. माइक दिसला की माझा घसा खाजवतो.

म्हणालो, "मंडळी, पाचच मिनिटं. घागरा एकदम मापात बसला हाय. पोरगी येऊनच राह्यली."

टाळ्या पडल्या. मी आत डोकावून पाहिलंसुद्धा नव्हतं.

तेवढ्यात मुलाची आत्या दारात आली. पुण्यात राहते. मुलाला तिनंच शिकवलं, त्यामुळं त्या घरात शब्द तिचा. ती तिथूनच म्हणाली, "कोण म्हणालं बसला? कमरेत हुक लागत नाही. पाठीत वीतभर उघडं राहतंय."

मांडव हसला. माझा सख्खा मेव्हणा हसला. मग मीही हसलो. आत माझी पोरगी उघड्या पाठीनं उभी होती आणि बाहेर तिचा बाप माइक धरून हसत होता.

बायको आत्याला म्हणाली, "बाई, मापाचं ब्लाउज तं मागाले पायजे होतं."

तीही रीतच. मुलाकडून आठ दिवस आधी कोणीतरी येतं, पोरीचं अंगात बसणारं जुनं ब्लाउज मापाला घेऊन जातं. तिकडचा शिंपी त्यावरून शिवतो. या वेळी कोणी आलंच नव्हतं.

आत्या म्हणाली, "अहो वहिनी, हा डिझायनर पीस आहे. दुकानात पुतळीला घातलेला पाहिला आणि तसाच उचलला. हे मापानं शिवत नाहीत. याच्यात आपण बसायचं असतं."

याच्यात आपण बसायचं असतं. हे वाक्य त्या दिवशी मला खटकलं नाही. खोटं कशाला सांगू, शहरी वाटलं.

पाठीला सेफ्टी पिना लावल्या. वरून ओढणी टाकली. सुजाता बाहेर आली ती श्वास रोखून. फोटोवाला म्हणाला, "ताई, जराशा तिरप्या उभ्या राहा, बारीक दिसान." तिरपी उभी राहिली. अंगठी झाली. जेवणं झाली. ती जेवली नाही. पिना टोचत होत्या म्हणाली.

निघताना आत्यानं मला बाजूला घेतलं. "भाऊ, लग्नाला वेळ आहे. तोवर कमी होऊन जाईल. आणि घागरा सैल करायला देऊ नका, जरीचं वाटोळं होतं."

मी म्हणालो, "हो ताई. होऊन जाईन."

जशी काही पोरगी ओलं सोयाबीन होती. दोन दिवस उन्हात पसरली की वजन उतरेल.

सुजाता इंझोरीकडच्या उपकेंद्रात नर्स आहे. उंच, रुंद खांद्याची. लसीचा डबा खांद्याला अडकवून वस्त्या पालथ्या घालते. नाव तिच्या आजीनं ठेवलेलं, उपाशी माणसाला खीर देणाऱ्या बाईचं. गरोदर बायांना ती दम भरते, "खाऊन घेत जा वो, दोघांचं खा लागते." त्याच पोरीनं घरी भाकर बंद केली. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी पुन्हा पाणी. मोबाईलवर काडीसारख्या पोरी कंबर हलवून सांगत असत, काय खायचं नाही ते. काय खायचं, ते एकही सांगत नव्हती.

आणि रविवार. दर रविवारी आत्याला वजनाचा फोटो पाठवायचा. तसं तिनं सांगितलंच होतं. गोड शब्दांत. "आपण सगळे मिळून करू," म्हणाली. मी वाशीमहून वजनकाटा आणला. सुजाता त्याच्यावर चढायची आणि आकड्याचा फोटो मी काढायचो. वाकताना माझं पोट आडवं यायचं. माझं पोट म्हणजे, दारातून ते आधी आत जातं आणि मी मागून पोचतो. त्याच्याबद्दल आजवर कोणी चकार शब्द काढला नाही. बाजार समितीत तर त्याला खातंपितं घर म्हणतात.

यार्डात पोतं कमी भरलं की शेतकरी काट्यावर उभा राहून भांडतो. बरोबरच आहे. घरी काटा कमी भरला की आम्ही खूश. आत्या तिकडून अंगठा पाठवायची. मी तो अंगठा बायकोला दाखवायचो. बायको पाहायची नाही.

"पोट्टीचे गाल बसले," ती म्हणायची. "केस गळून राह्यले. तुमाले दिसत नाही काय?"

"लग्नापुरतं हाय वो."

"अन् लग्नानंतर काय, घागरा जेवाले वाढणार हाय?"

मग एका दिवशी उपकेंद्रात तिला भोवळ आली. एका गरोदर बाईचं रक्त तपासत होती. त्या बाईनंच तिला धरून खाटेवर टेकवलं आणि म्हणाली, "सिस्टर, माह्यं राहू द्या. तुमचंच तपासून घ्या पहिले." सुजातानं हे घरी हसत सांगितलं. बायको हसली नाही. मी थोडा हसलो. सवय वाईट.

दुसऱ्या दिवशी मात्र मी यार्डातून अर्धी सुट्टी टाकून वाशीमला गेलो. म्हटलं, तसाच घागरा मोठ्या मापात मिळतो का पाहावं. मोठं दुकान, काचेचं. तिथली बाई फोटो पाहून म्हणाली, "काका, असा पीस मोठ्या साइजमध्ये येतच नाही. मोठ्या साइजमध्ये साधे येतात. गडद रंगाचे."

"काहून?"

"फिगर दिसत नाही ना त्यात." हे सांगणारी बाई स्वतः चांगली अंगानं भरलेली होती. तिलाही हे कुणीतरी शिकवलेलं.

मी काचेतली पुतळी पाहू लागलो. मुठीत मावेल अशी कंबर. सहज मागं गेलो. मागून कापड सगळं गोळा करून चिमटे लावले होते. दोन-चार नाही, रांगच्या रांग. म्हणजे पुतळीलाही तो कपडा बसत नव्हता. पुढून सुंदर, मागून चिमटे. आणि या पुतळीत बसवायला मी माझी पोरगी रविवारी रविवारी तासत होतो.

राग आला. पण रागाचं करायचं काय, ते कळेना. भांडावं कोणाशी? दुकानाशी? पुतळीशी? आत्या परकी नाही, आमच्यातलीच. आमची माणसं शिकली, पुण्याला गेली, याचा मला अभिमान. एसटीत बसल्यावर मला माझी आजी आठवली. गावात ती नवं लुगडं नेसायची ते आधी चिखलात बुचकळून. नवं दिसलं तर वरच्या आळीतून विचारणा व्हायची, एवढा माज कशाचा. आजीच्या अंगावर काय असावं ते दुसरे ठरवायचे. ते सुटावं म्हणून घरादारानं देव सोडले, गावकीची कामं सोडली, मार खाल्ला. आणि आता अंगावरचं राहिलं बाजूला, अंगच किती असावं ते दुसरे ठरवणार? आणि फोटो कोण काढतो, तर आजीचा नातू.

तरी पुढच्या रविवारी मी मोबाईल घेऊन उभा राहिलोच. एवढं सगळं कळून. माणूस असा असतो, निदान मी असा आहे.

त्या दिवशी आत्यानं व्हिडिओ कॉल लावला. तिच्या मागं सोफ्यावर घरची चार माणसं चहा पीत बसली होती. मुलगाही होता. आत्या म्हणाली, "भाऊ, नुसत्या वजनावरून कळत नाही. मोबाईल जरा खाली घ्या. सुजाता, ओढणी काढ. वळ जरा. पोट दिसू दे."

सुजातानं ओढणी काढली.

कोणी जबरदस्ती केली नाही. तिनं गपचूप काढली आणि काट्यावर उभ्या उभ्या वळली. मुलगा कपात पाहत होता. माझा हात मोबाईल धरून खाली चालला होता. मग तो थांबला.

मी मोबाईल उलटा फिरवला. बनियन वर केली. पुण्याच्या सोफ्यावर माझं पोट दिसलं असणार, सगळंच्या सगळं.

म्हणालो, "ताई, हे पाहा पोट. पायजे तितकं पाहा. पोरीचं पाह्यनं बंद."

"भाऊ, हा काय वेडेपणा? आम्ही तिच्या भल्यासाठीच..."

"घागरा वापस पाठवतो. तिच्या मापाचं ब्लाउज संग पाठवतो. त्याच्यावरून शिवून आणा, तं लग्न. नाही तं साक्षगंध मोडलं समजा."

"चारचौघांत तुमचीच पोर बसून राहील."

"बसू द्या. खुर्चीत मावते ते."

मुलानं मान वर केली नाही. फोन कटला. कोणी कापला ते मला माहीत नाही.

मला वाटलं, सुजाता आता रडेल नाहीतर गळ्यात पडेल. ती काट्यावरून उतरली आणि म्हणाली, "बाबा, बोलाच्या आधी मले इचाराचं तरी. लग्न माह्यं हाय." खरं होतं. मग तिनं स्वतः कपाटातून घागरा काढला, घडी घातली आणि म्हणाली, "मीच पाठवते. माह्या हातानं."

त्यानंतर पुण्याहून काही आलं नाही. ना ब्लाउजचं, ना लग्नाचं. नात्यात बोलणं सुरू झालं, बाप तमाशेवाईक आहे म्हणून. असू दे. पुन्हा पोरीला पाहायला कोणी येवो, माझ्या घरात तिला कोणी मोजणार नाही. मोजायला आला तर पाण्याचा ग्लाससुद्धा न देता उठवीन. हे मी लिहून ठेवतो आहे, म्हणजे मला पुन्हा हसून मोकळं होता येणार नाही.

मोबाईल उलटा फिरवला त्याच रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. बायकोनं वांग्याची भाजी आणि गरम भाकरी केली होती. सुजातानं भाकर घेतली. मधोमध मोडली. अर्धी ताटात ठेवली आणि अर्धी, आमच्याकडं न पाहता, परत टोपल्यात ठेवली.

ती उठून गेल्यावर बायको म्हणाली, "फोन कटला, पण ते बाई पोट्टीच्या डोक्यात बसून हाय. ते तिथून निघेवरी तुमी रोज पोट्टीसंग जेवाले बसाचं. यार्ड गेलं खड्ड्यात."